रंगाऱ्याची फिकी बाटली

नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी माल मोरीत ओतला आणि टाकाऊ पाणी जपून फ्रिजमध्ये ठेवलं.

त्याचं असं झालं. समोर काचेची एक उभी नळी होती. तिच्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, पण त्याहून फार बारीक, पांढरे मणी भरलेले. वरून पिवळं पाणी सोडलं की उतरता उतरता त्याचे दोन पट्टे होतात. एक पुढे निघतो, तो फिकट, आजाऱ्याच्या वरणासारखा. दुसरा मागून रेंगाळत येतो, चांगला हळदीसारखा गडद. मला सांगितलं होतं की चांगला पट्टा बाटलीत धरायचा आणि दुसरा सोडून द्यायचा. त्याआधीची कित्येक वर्षं मी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये साड्यांचं कापड रंगवत होतो. रंगाऱ्याला दोन रंगांतला चांगला कुठला हे विचारावं लागत नाही. मी फिकट पट्टा मोरीत सोडला, गडद पट्टा शेवटच्या थेंबापर्यंत बाटलीत धरला, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली आणि अमदावादला डॉक्टर नीलाबेनना फोन करून सांगितलं, की काम फत्ते.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाई, तमे रंग राख्यो ने माल गटरमां नाख्यो."

आता ज्यांना या धंद्याची कल्पना नाही, म्हणजे आमचे सगळे नातेवाईक धरून, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या रक्तात अँटिबॉडी नावाची प्रथिनं असतात. त्यांचा स्वभाव असा, की प्रत्येकीनं आपलं एकच ठिकाण धरायचं आणि तिथेच जाऊन चिकटायचं. पण ती चिकटली की नाही हे दिसत नाही. म्हणून तिला आधीच एक रंग बांधून ठेवायचा. हा रंग साधा नव्हे. निळा प्रकाश पडला की हा हिरवा उजळतो. मग रुग्णाच्या पेशींवर ही रंगीत अँटिबॉडी टाकायची, आणि पेशी एकामागून एक एका बारीक धारेतून लेसरच्या किरणासमोरून न्यायच्या. मिलमध्ये तपासणीच्या मेजावर खालून दिवा लावून कापडाचा ताका सरकवतात आणि तपासनीस एकेक डाग टिपतो, तसं यंत्र एकेक पेशी बघतं. उजळली की टिपलं. या तपासणीला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. आमचं काम यंत्राच्या कितीतरी आधीचं, अँटिबॉडीला रंग बांधायचं. रंग बांधून झाला की न बांधलेला उरतो, तो त्या मण्यांच्या नळीतून वेगळा काढायचा. रंगाचे सुटे कण लहान. ते मण्यांच्या प्रत्येक छिद्रात शिरतात, बाहेर येतात, पुन्हा शिरतात आणि मागे पडतात. अँटिबॉडी अंगानं मोठी. ती छिद्रात मावत नाही, म्हणून बाहेरच्या बाहेर सरळ निघून येते. लग्नाच्या खरेदीला गेल्यावर मी प्रत्येक दुकानात शिरतो आणि आमची ही बाहेरच्या बाहेर पुढे जाऊन रिक्षात बसते, तसं काहीसं. तर मी रिक्षात बसलेलीला गटारात सोडलं होतं आणि खरेदी घरी आणली होती.

या धंद्यात मी शिरलो कसा, याचं उत्तर मलाही नीट देता येत नाही. आमचे शेठ रमणीकभाई मूळचे मिलना रंग पुरवणारे व्यापारी. नीलाबेन त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. अमदावादच्या एका इस्पितळात त्यांच्याकडे हे यंत्र नवीनच आलेलं. रंगीत अँटिबॉडी परदेशातून यायची ती कस्टमच्या गोदामात उन्हाळा भोगून यायची, आणि बाटली उघडेपर्यंत तिचा जीव गेलेला असायचा. कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत त्या रमणीकभाईंना म्हणाल्या, की तुम्ही रंगवाले ना, मग इथेच बनवा. रमणीकभाईंनी इच्छापोरच्या आपल्या शेडच्या माळ्यावर एक खोली रिकामी केली, फ्रिज आणला, आणि मिलमधून मला उचललं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कापडाला रंग बसवतो त्याला प्रथिनाला बसवायला काय जड. नीलाबेननी मला आपल्याकडे बोलावून पद्धत शिकवली आणि मी बीएस्सीच्या पुस्तकांवरची धूळ झटकली.

गंमत म्हणजे रमणीकभाईंचं म्हणणं फारसं खोटं नव्हतं. रंग खाऱ्या पाण्यात बसतो की सोड्याच्या, किती वेळ, किती थंडीत, आणि न बसलेला धुवून काढला नाही तर तो पुढे जाऊन दुसऱ्याला लागतो, हे सगळं मिलमध्येही तसंच. फरक इतकाच, की तिथे मी कढया ढवळत होतो आणि इथे नखाएवढ्या पाण्यात काम. तिथे रंगाची छटा जुळवायला खिडकीपाशी उजेडात जायचं, आणि इथे खिडक्यांना काळं फडकं, कारण उजेडानं हा रंग विझतो. आयुष्यभर रंग बघितलेल्या माणसाला अंधारात रंगवायला बसवलं होतं.

घरी हे समजावणं अवघड होतं. माझा मेहुणा बरेच दिवस समजत होता, की मी ट्यूबलाइट बनवतो. रिंगरोडच्या बाजारातला एक साडीवाला तर थेट शेडवर आला. नवरात्रात अंधारात चमकणारी साडी काढायचं त्याच्या मनात होतं. मी त्याला सांगितलं, की या रंगाची एक साडी करायची तर तिच्या किमतीत दुकानही देऊन टाकावं लागेल. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मग नुसता पदर?"

अशा हसण्यावारी न्यायच्या गोष्टींत एक गोष्ट मात्र घडली, ती अजून मला पुरती उलगडलेली नाही.

आमची बाटली फिकी दिसायची. खरी चांगली बाटली तशीच दिसते, उजेडात धरली तर पिवळेपणाचा नुसता संशय येतो. पण बडोद्याच्या एका गिऱ्हाइकाने कुरकुर केली, की तुम्ही पाणी पाठवता. रमणीकभाईंनी बाटली ट्यूबलाइटखाली धरली आणि त्यांचा चेहरा पडला.

"आ शुं छे? पाणी वेचवानुं छे आपणे?"

मी म्हणालो, की पाणी विकत नाही, मोजमापात बरोबर आहे.

"मोजमाप कोण बघतो? आधी डोळा बघतो. थोडा रंग वधारो."

सुरतेच्या बाजारात वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे पटेल, मलाही पटलं. नीलाबेनच्या कागदात एका अँटिबॉडीवर चार-पाच रंगकण ठेवा असं होतं. आम्ही त्याच्या दुप्पट बसवले. बाटली अशी देखणी पिवळी झाली, की मी तिच्याकडे वळून वळून बघत होतो. गिऱ्हाइकाला रंग जरा जास्त चालेल का, असं विचारायची रीत आमच्या धंद्यात नव्हती. जास्त दिलं म्हणून कधी कुणी भांडायला येत नाही.

या वेळी आलं. नीलाबेनचा फोन आला.

त्यांच्याकडे सुरतेतल्याच लिंबायतच्या एका बाईची तपासणी चालू होती. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, डायलिसिसवर दिवस ढकलत होती. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवायचं तर आधी बघावं लागतं, की बाईच्या रक्तात देणाऱ्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन बसल्या आहेत का. असतील तर नवं मूत्रपिंड बसवल्या बसवल्या काळं पडतं. म्हणून देणाऱ्याच्या पेशी बाईच्या रक्तद्रवात भिजवतात आणि वरून आमची बाटली टाकतात. तिचं ठिकाण म्हणजे पेशींना चिकटलेल्या बाईच्या त्या अँटिबॉडीच. पेशी उजळल्या तर नाही. अंधारात राहिल्या तर पुढे जा. द्यायला दोघं तयार होते, एक नवरा आणि एक भाऊ.

"भाऊ उजळला, नवरा उजळला," नीलाबेन म्हणाल्या, "आणि ज्या नळीत काहीच उजळायला नको तीही उजळली. तुमच्या बाटलीनं सगळ्यांनाच नाही म्हटलंय. मी आता कुणावर विश्वास ठेवू?"

कापडात गडद म्हणजे गडद. इथे एकाच अँटिबॉडीवर दाटीनं रंग बसवला की ते कण एकमेकांचाच उजेड गिळतात. वर ती अँटिबॉडी अशी चिकट होते, की आपलं ठिकाण सोडून दिसेल त्याला जाऊन बिलगते. बाकावर दोघं बसले तर गप्पा होतात, दहा बसले तर शेजाऱ्याच्या मांडीवर जातात. हे सगळं मला फोन ठेवल्यावर पुस्तक उघडून कळलं. त्यातही, जास्त रंग दिल्यानं उजेड कमी होतो या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकलो. रमणीकभाईंना ते समजावताना तर मलाच पटेनासं झालं.

"म्हणजे कमी घातलं की जास्त?" त्यांनी विचारलं.

"हो. पण फार कमी घातलं की पुन्हा कमी."

ते मग हात जोडून म्हणाले, "तमने जे ठीक लागे ते करो. बाई मरवी ना जोईए."

मी काळं फडकं ओढून घेतलं आणि नवा लॉट केला. रंग थेंबाथेंबानं दिला आणि नळीतून फिकट पट्टा असा जपून धरला, की तेवढं मी पोरांनाही कधी धरलं नसेल. टपालावर भरवसा नव्हता, म्हणून घरचा चहाचा थर्मास घासूनपुसून त्यात बर्फ भरला, बाटली कागदात गुंडाळून मध्ये ठेवली आणि अमदावादच्या गाडीत बसलो.

नीलाबेननी बाटली घेतली, उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता आत गेल्या. मी बाहेरच्या बाकावर बाटली काढून घेतलेला थर्मास मांडीवर घेऊन बसलो. शेजारी खांद्यावर टॉवेल टाकलेला एक गृहस्थ होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "थर्मासमा चहा शे का, भाऊ?"

अमदावादेत अहिराणी ऐकून मला एकदम अमळनेरच्या घरच्या ओट्यावर बसल्यासारखं झालं. मी म्हणालो, "चहा नही, आप्पा. बरफ शे."

"बरफ ठेवाले थर्मास?" त्याला हे पटलं नाही.

तेच बाईंचे यजमान, रघुनाथ आप्पा. लिंबायतला लूमवर कारागीर. पलीकडे खांबाला टेकून उभा होता तो त्यांचा मेहुणा, बाईंचा भाऊ वसंत. आप्पांनी सगळं सांगितलं. मूत्रपिंड द्यायचं ठरल्यापासून त्यांनी तंबाखू सोडली होती, पोटावर पट्टा बांधून फिरायची सवय करून बघितली होती आणि खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या, सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आमच्याकडे बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते. नवरा बायकोला देतोय म्हटल्यावर शेजारच्या खात्यातले कारागीरही त्यांना बघायला येत होते. आणि मग रिपोर्ट आला, की दोघांचंही जुळत नाही.

"दवाईमा काही खोट व्हती म्हनतस," आप्पा म्हणाले. "कोन्ही बनाडी काय माहीत."

मी थर्मासचं झाकण काढून बर्फ किती विरघळला ते बघितलं. तेवढ्यात नीलाबेन दार उघडून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "आत या. तुमचीच बाटली आहे, तुम्हीही बघा."

आप्पांनी माझ्याकडे, मग थर्मासकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. "आपला मानूस व्हईसन?" आपला माणूस असूनही, एवढंच म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर मला तोंड लपवायला जागा सापडली असती.

आत यंत्राच्या पडद्यावर डोंगर दिसत होते. पेशी अंधारात असल्या की डोंगर डावीकडे, उजळल्या की उजवीकडे. जिथे काही नको होतं ती नळी लावली. डोंगर डावीकडे, अगदी कडेला. मी सोडलेला श्वास नीलाबेनना ऐकू गेला असावा. मग वसंतच्या पेशी. डावीकडे. भावाचं चालणार होतं. मग रघुनाथ आप्पांच्या पेशी लावल्या आणि डोंगर सरसर उजवीकडे सरकला, पडद्याबाहेर जातो की काय असं वाटलं.

मी म्हणालो, "बाटली पुन्हा बिघडली का?"

"तमारो माल साचो छे," त्या म्हणाल्या. "एटले तो ना पाडे छे." माल खरा, म्हणूनच तो नाही म्हणतोय.

म्हणजे बिघडलेल्या बाटलीनं नवऱ्याला नाही म्हटलं होतं ते बरोबर होतं, आणि भावाला म्हटलं होतं ते चूक होतं. चांगल्या बाटलीनंही नवऱ्याला नाहीच म्हटलं. मग पहिल्या वेळी माझा माल अर्धा खरा होता का? मी नीलाबेनना हे विचारलं. बंद पडलेलं घड्याळही कधीतरी बरोबर वेळ दाखवतं, म्हणून ते कुणी हाताला बांधत नाही, असं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर त्यांनी आप्पांना हिंदीत कारण सांगितलं. मूल पोटात असतं तेव्हा ते अर्धं बापाचं असतं. आईचं रक्त ते अर्धं ओळखून ठेवतं, परकं म्हणून, आणि त्याच्याविरुद्ध तयारी करून बसतं. प्रत्येक बाईचं असं होत नाही. आप्पांच्या बायकोचं, सुमनबाईंचं, झालं होतं. त्यांना तीन मुलं. म्हणून जगातल्या कुणाचं एक वेळ चालेल, पण आप्पांचं नाही.

मग आप्पांनी जे विचारलं ते आमच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. "मंग त्या पोरेसले कसं काही कयं नही तिना रगतनी? त्या बी तं मनाच शेतस." मी ते नीलाबेनना गुजरातीत सांगितलं. नऊ महिने ज्यांना आत ठेवलं त्या माझ्याच पोरांना हात लावला नाही, आणि मला मात्र नको म्हटलं, असं का?

नीलाबेननी चष्मा काढून पुसला. "ए तो अमनेय पूरुं समजातुं नथी," त्या म्हणाल्या. त्यांना एखादी गोष्ट समजत नाही असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं.

बायकोला हे सांगायची आप्पांची हिंमत होईना. "तुम्हीच सांगा," म्हणून ते मला वॉर्डात घेऊन गेले. मी म्हणजे नात्याचा ना गोत्याचा, हातात थर्मास. सुमनबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पायांवर सूज. मी मराठीत, अहिराणीत, मध्येच गुजरातीत, अँटिबॉडी आणि डोंगर आणि मुलं असं जमेल तसं सांगितलं. मूत्रपिंड भावाचं बसेल, यजमानांचं नाही, एवढं त्यांना कळलं.

त्या उठून बसल्या. "मी कवयपाईन सांगी ऱ्हायनू, यास्नं नको," त्या म्हणाल्या; यजमानांचं नको, हे त्या केव्हापासून सांगत होत्या. "एकजन तरी उभं पाहिजे घरमा. पन माले कोन इचारस?" असं म्हणून त्यांनी, मला आठवतंय, नवऱ्याकडे न बघता त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल सरळ केला.

वसंतचं मूत्रपिंड बसलं आणि चालायला लागलं. आमची बाटली मात्र फार चालली नाही. पुढे परदेशी माल लवकर आणि थंडगार येऊ लागला, माळ्यावरची खोली पुन्हा रंगाच्या पिंपांनी भरली आणि मी साड्यांकडे परतलो. त्या खोलीतल्या फिक्या बाटल्यांचा मला अभिमान आहे. कुणी विचारलं तर दाखवायला एकही उरली नाही, याची हळहळही आहे.

नंतर एकदा मी आणि ही लिंबायतच्या भाजीबाजारात गेलो असताना दोघं भेटली. सुमनबाई अंगानं भरल्या होत्या आणि वांगी निवडत होत्या. मी ओळख करून द्यायच्या आधीच आप्पांनी हिला गाठलं. "वैनी, मी द्याले तयार व्हतू," ते म्हणाले. "सगळं तयार व्हतं. पन हिनं रगतच नही म्हने." हे त्यांनी आजवर किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे. सुटले म्हणून सांगत होते की हिरमुसले म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही. सुमनबाईंनी एक किडकं वांगं बाजूला टाकलं आणि भाजीवाल्याशी हुज्जत घालू लागल्या.

परत येताना मी हिला सगळं समजावून सांगितलं. पोटातलं मूल, त्यातलं अर्धं बापाचं, रक्तानं धरलेली आठवण, आणि सुमनबाईंनी वॉर्डात काय म्हटलं तेही. आपल्यालाही दोन मुलं आहेत, तेव्हा तुझ्या रक्तातही माझ्याविरुद्ध काही असू शकेल, हे जरा चाचरतच सांगितलं.

भाजीची पिशवी हिनं या हातातून त्या हातात घेतली.

"ते राहू द्या तुमचं," ती म्हणाली. "ती बाई तोंडानं नको म्हणत होती, तेव्हा घरातल्या घरात कुणाला ऐकू आलं नाही. रक्तानं म्हटलं, तर तुम्ही सगळे थर्मास घेऊन अमदावादला ऐकायला गेलात."